विश्लेषण : सैन्याला कालव्यात उतरण्यापासून रोखणारी गोगलगाय, कोण होते रॉबर्ट लीपर?

१९१५ सालची सुरुवात. पहिले महायुद्ध पेटून काही महिने झाले होते. इजिप्तमध्ये ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडच्या आणि भारतीय सैनिकांच्या छावण्या पडल्या होत्या. दिवसभर वाळूत कवायत, अंगावर घामाने भिजलेला गणवेश आणि समोर नाईलच्या पाण्याने भरून वाहणारे कालवे. पाण्यात डुबकी मारायचा मोह कोणाला होणार नाही? पण त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारा एक शत्रू होता आणि त्याच्यावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते.

या शत्रूचा माग काढण्यासाठी ब्रिटिश युद्ध खात्याने एका ३३ वर्षांच्या स्कॉटिश डॉक्टरला कैरोला पाठवले. त्यांचे नाव रॉबर्ट थॉमसन लीपर. त्यांनी काही महिन्यांत जे शोधले, त्यावर बिलहार्झिया म्हणजेच शिस्टोसोमियासिस या आजाराचे आजचे प्रतिबंधक नियम उभे आहेत. लीपर नेमके कोण होते, त्यांनी काय केले आणि या गोष्टीचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाशी काय संबंध, हे समजून घेऊ.

सैन्याला भीती कशाची होती?

बिलहार्झिया हा रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमींमुळे होणारा आजार. जर्मन डॉक्टर थिओडोर बिलहार्झ यांनी १८५१ मध्ये कैरोत शवविच्छेदन करताना हे कृमी पहिल्यांदा पाहिले, म्हणून त्यांचे नाव आजाराला मिळाले. कृमींची नर-मादी जोडी आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या भोवतालच्या शिरांमध्ये वर्षानुवर्षे राहते आणि रोज अंडी घालते. काही अंडी शौचातून किंवा लघवीतून बाहेर पडतात. उरलेली शरीरातच अडकतात आणि खरे नुकसान तीच करतात. आतड्याला सूज येते, शौचातून रक्त जाते, यकृत निबर होते. मूत्राशयाच्या प्रकारात लघवीतून रक्त पडते.

सैन्याला हा आजार नवा नव्हता. १७९८ मध्ये नेपोलियनच्या फौजा इजिप्तमध्ये उतरल्या, तेव्हा फ्रेंच सैनिकांना लघवीतून रक्त जात असल्याची नोंद त्यांच्या सर्जनने केली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातून (१८९९ ते १९०२) परतलेल्या अनेक ब्रिटिश सैनिकांना या आजाराने घेरले आणि त्यांच्या पेन्शनचा बोजा सरकारवर पुढे कित्येक वर्षे राहिला. गोळी न लागताही माणूस कायमचा निकामी होत होता.

आता त्याहून कितीतरी मोठे सैन्य इजिप्तमध्ये उभे होते आणि अधिकाऱ्यांकडे साध्या प्रश्नांचीही उत्तरे नव्हती. संसर्ग पाणी प्यायल्याने होतो की अंघोळीने? आजारी सैनिकाच्या शेजारी झोपल्याने होतो का? हे सैनिक मायदेशी गेले तर तिथे साथ पसरेल का?

कोण होते लीपर?

लीपर यांचा जन्म १८८१ मध्ये स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉक गावात झाला. १९०४ मध्ये त्यांनी ग्लासगो विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. पण दवाखाना थाटण्यात त्यांना रस नव्हता. त्यांचे मन रमले ते कृमींच्या अभ्यासात. उष्ण कटिबंधातील आजारांचे त्या काळचे सर्वांत मोठे नाव म्हणजे पॅट्रिक मॅन्सन. त्यांनी १९०५ मध्ये या तरुणाला लंडन स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कृमिशास्त्रज्ञ म्हणून घेतले. ही संस्था तेव्हा लंडनच्या गोदी भागात होती. दूरदेशीचे आजार घेऊन येणारे खलाशी हेच तिचे रुग्ण.

लीपर यांची पहिलीच कामगिरी मराठी घरांतल्या जुन्या माणसांना ओळखीची वाटेल. त्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला, पाठवण्यात आले ते नारूचा अभ्यास करायला. पायातून हातभर लांब कृमी बाहेर काढणारा हाच तो नारू, ज्याने महाराष्ट्रातल्या कित्येक गावांना छळले. त्याच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवात वाढतात, हे आधी ठाऊक होते. पण तिथून त्या माणसात कशा जातात? लीपर यांनी असे सायक्लॉप्स पोटातल्या आम्लाइतक्या सौम्य आम्लात टाकून पाहिले. सायक्लॉप्स मेले, पण अळ्या तरतरीत होऊन बाहेर आल्या. मग त्यांनी संसर्ग झालेले सायक्लॉप्स माकडाला खाऊ घातले. काही महिन्यांनी माकडाच्या शरीरात नारूचे कृमी मिळाले. नारू पिण्याच्या पाण्यातून होतो, यावर त्यामुळे शिक्कामोर्तब झाले.

कृमीचा आयुष्यक्रम एका साखळीसारखा असतो आणि त्यातली एक कडी तोडली तरी आजार थांबतो, हा विचार लीपर यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवला.

जपानने उत्तर आधीच शोधले होते का?

बिलहार्झियाच्या बाबतीत मोठा अडसर होता तो एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या मताचा. कैरोत काम करणारे जर्मन शास्त्रज्ञ आर्थर लोस यांचा दबदबा होता. हूकवर्मच्या अळ्या थेट त्वचेतून शरीरात शिरतात, हे त्यांनीच शोधले होते. तेही अपघाताने, स्वतःच्या हातावर अळ्या असलेले पाणी सांडल्यामुळे. बिलहार्झियाही तसाच असणार, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे अंड्यातून निघालेली अळी सरळ माणसाच्या कातडीतून आत जाते आणि मधे दुसऱ्या कोणत्याही प्राण्याची गरज नसते.

हे खरे असते तर सैन्याची धडगत नव्हती. एका आजारी सैनिकाने पाणी दूषित केले की त्याच दिवशी दुसऱ्याला संसर्ग, असे झाले असते.

१९१४ मध्ये लीपर या कोड्याच्या मागे पूर्व आशियात गेले. चीनमध्ये तैनात ब्रिटिश नौदलाच्या खलाशांना या आजाराचा आशियाई प्रकार होत होता. त्यांच्यासोबत होते नौदलाचे डॉक्टर एडवर्ड अ‍ॅटकिन्सन. दोनच वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाच्या बर्फात कॅप्टन स्कॉट यांचा मृतदेह शोधणाऱ्या तुकडीचे नेतृत्व याच अ‍ॅटकिन्सन यांनी केले होते. चीनमध्ये फारसे हाती लागले नाही. पण जपानमध्ये क्यूशू इथल्या मियाइरी केइनोसुके आणि सुझुकी मिनोरू यांनी १९१३ मध्येच निर्णायक शोध लावला होता. अंड्यातून निघालेली अळी एका लहानशा गोगलगायीत शिरते, तिथे वाढते आणि मगच माणसाला बाधणारे रूप घेऊन बाहेर पडते, हे त्यांनी दाखवले होते.

त्यामुळे गोगलगायीच्या शोधाचे पहिले श्रेय जपानचे, हे स्पष्ट सांगायला हवे. लीपर यांनी जपानला जाऊन हे काम पाहिले. प्रश्न उरला तो एवढाच, की आफ्रिकेतल्या आजाराचीही हीच कथा आहे का? तेवढ्यात युद्ध सुरू झाले आणि ते लंडनला परतले.

इजिप्तमध्ये त्यांनी काय केले?

१९१५ च्या सुरुवातीला लीपर सैन्याच्या वैद्यकीय दलाचे अधिकारी म्हणून कैरोत दाखल झाले. युद्धामुळे लोस यांना इजिप्त सोडावे लागले होते. लीपर यांनी कैरोजवळचे अल मर्ग हे गाव निवडले. गावातल्या मुलांमध्ये आजाराचे प्रमाण मोठे होते, म्हणजे संसर्गाची जागा जवळपासच असणार.

पद्धत साधी पण चिकाटीची होती. मुले जिथे पोहतात, बायका जिथे धुणे धुतात, अशा कालव्याच्या आणि तळ्यांच्या काठांवरून गोगलगायी गोळा करायच्या. प्रत्येक जातीच्या वेगळ्या ठेवायच्या. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटात दोन टोकांची शेपटी असलेली अळी आहे का, ते पाहायचे. यंत्रातला बिघाड शोधताना आपण एकेक भाग वगळत जातो, तसाच हा प्रकार.

काही ठरावीक जातींच्या गोगलगायींत अशा अळ्या सापडल्या. पुढची पायरी महत्त्वाची होती. या अळ्या असलेल्या पाण्याशी उंदीर आणि इतर प्रयोगप्राण्यांचा संपर्क आणला गेला. काही आठवड्यांनी प्राण्यांच्या शिरांत बिलहार्झियाचे पूर्ण वाढलेले कृमी मिळाले. अंड्यातून नुकती निघालेली अळी माणसाला बाधत नाही, गोगलगायीतून बाहेर पडलेली बाधते, हे सिद्ध झाले. लोस यांचा सिद्धांत कोसळला.

आजार एक की दोन?

याच प्रयोगांनी आणखी एक वाद मिटवला. रुग्णांमध्ये दोन तऱ्हेची अंडी दिसत. काहींना टोकाला काटा, काहींना बाजूला. लोस यांच्या मते कृमी एकच होता. १९०७ मध्ये लुई सँबन यांनी बाजूला काटा असलेल्या अंड्यांचा कृमी वेगळा मानून त्याला मॅन्सन यांच्या नावावरून मॅन्सोनी असे नाव दिले होते, पण ठोस पुरावा नव्हता.

लीपर यांच्या प्रयोगशाळेत तो मिळाला. बुलिनस नावाच्या गोगलगायीतल्या अळ्यांपासून वाढलेले कृमी टोकाला काटा असलेली अंडी घालत होते. प्लॅनॉर्बिस या दुसऱ्या गोगलगायीतल्या अळ्यांपासून वाढलेले कृमी बाजूला काटा असलेली. म्हणजे आजार दोन होते. एक मूत्राशयाचा, दुसरा आतड्याचा. प्रत्येकाचा कृमी वेगळा आणि प्रत्येकाची गोगलगायही वेगळी.

सैन्याला त्यांनी काय सांगितले?

लीपर यांचा अहवाल सैन्याच्या वैद्यकीय दलाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातले निष्कर्ष कोणाही अधिकाऱ्याला वापरता येतील असे होते.

पहिला, कालवे, तळी, दलदली आणि नाईलचे पाणी यांपैकी जिथे ती विशिष्ट गोगलगाय आहे तिथे धोका आहे. पावसाच्या किंवा सांडलेल्या पाण्याच्या तात्पुरत्या डबक्यात तो नाही.

दुसरा, संसर्ग फक्त प्यायल्याने होत नाही, त्वचेतूनही होतो. पाणी उकळून प्यायचे आणि त्याच कालव्यात अंघोळ करायची, याचा उपयोग नाही.

तिसरा, आजारी सैनिक स्वतःला पुन्हा किंवा शेजाऱ्याला थेट संसर्ग देऊ शकत नाही. तो मायदेशी गेला तरी तिथे योग्य जातीची गोगलगाय नसेल तर साथ पसरणार नाही. ऑस्ट्रेलियासारख्या देशांसाठी हा फार मोठा दिलासा होता.

चौथा, गोगलगायीतून निघालेल्या अळीला माणूस सापडला नाही तर ती दोनएक दिवसांत मरते. त्यामुळे गोगलगाय शिरू शकणार नाही अशा टाकीत पाणी तेवढा वेळ साठवले तर ते वापरता येते.

पाचवा, एखाद्या भागातून आजारी माणसे हलवली तरी धोका लगेच संपत नाही, कारण गोगलगाय पुढे कित्येक आठवडे अळ्या सोडत राहते.

सैनिकांना कालव्यात उतरण्याची बंदी या सगळ्यातून पक्क्या पायावर आली. काही सैनिकांना संसर्ग झालाच, पण आता तो का झाला हे सांगता येत होते.

सैनिकाला आदेश, पण शेतकऱ्याचे काय?

लीपर यांची मोहीम इजिप्तच्या लोकांसाठी नव्हती. साम्राज्याच्या सैन्यासाठी होती. अल मर्गची मुले आजारी होती म्हणून संशोधन शक्य झाले, पण मोहिमेचा पहिला हेतू त्यांना बरे करणे हा नव्हता.

सैनिकाला पाण्यात उतरू नको असा हुकूम देता येतो. त्याची छावणी हलवता येते, त्याला नळाचे पाणी पुरवता येते. इजिप्तच्या शेतकऱ्याचे तसे नव्हते. त्याची शेती कालव्यात उभे राहिल्याशिवाय होत नव्हती. उलट ब्रिटिश काळात बारमाही सिंचन वाढले, कालवे वर्षभर भरलेले राहू लागले आणि गोगलगायींना कायमचे घर मिळाले. कापसाचे पीक वाढले, सोबत आजारही वाढला.

लीपर यांच्या निष्कर्षांमध्ये याची जाणीव दिसते. गोगलगायीच नष्ट केल्या तर आजारी माणसांच्या सहकार्याची वाट न पाहताही आजार रोखता येईल, असे त्यांनी मांडले. गरिबाची सवय बदलण्याऐवजी पाण्यातली कडी तोडण्याचा हा विचार होता. तो प्रत्यक्षात उतरवणे मात्र अवघड ठरले. हजारो किलोमीटर कालव्यांतून गोगलगाय हटवणे हे छावणीतल्या हुकुमाइतके सोपे नव्हते. १९१८ मध्ये खार्टुममध्ये जॉन ख्रिस्टोफरसन यांनी अँटिमनीची इंजेक्शने देऊन उपचार सुरू केले, पण ते औषध त्रासदायक होते. तोंडाने घ्यायचे सोपे औषध, प्रॅझिक्वांटेल, यायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

पुढच्या युद्धांनी धडा घेतला का?

पूर्णपणे नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये अमेरिकन फौजा फिलिपिन्सच्या लेटे बेटावर उतरल्या. तिथे आतड्याच्या बिलहार्झियाचा आशियाई प्रकार होता. हजाराहून अधिक सैनिकांना संसर्ग झाला. सर्वाधिक फटका बसला तो इंजिनीअर तुकड्यांना, कारण पूल बांधण्यासाठी ते तासन् तास ओढ्यांत आणि नद्यांत उभे असत. १९४९-५० मध्ये तैवानवर चढाईची तयारी म्हणून चीनच्या सैनिकांना पाण्यात पोहण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यांपैकी हजारो जण याच आजाराने अंथरुणाला खिळले.

ज्ञान कागदावर होते. पण मोहिमेच्या घाईत ते शेवटच्या सैनिकापर्यंत पोहोचले नाही.

महाराष्ट्राशी संबंध काय?

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथेही मूत्राशयाचा बिलहार्झिया होता. इजिप्तमध्येही भारतीय सैनिक मोठ्या संख्येने होते. तरीही हा आजार भारतात रुजला नाही. त्याचे उत्तर लीपर यांच्या तिसऱ्या निष्कर्षात आहे. कृमी आला तरी त्याला हवी ती गोगलगाय इथे सहजी मिळत नाही.

याला एक ठळक अपवाद सापडला तो रत्नागिरी जिल्ह्यात. गुहागर तालुक्यातील गिमवी गावात मूत्राशयाच्या बिलहार्झियाचे रुग्ण असल्याचे गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये वैद्यकीय जगासमोर आणले. इथे वाहकाची भूमिका फेरिसिया नावाच्या टोपीसारख्या शंखाच्या चिमुकल्या गोगलगायीकडे असल्याचे आढळले. आजार देशभर पसरला नाही, त्या भागापुरताच राहिला. कोकणातल्या त्या गावाचे कोडे सोडवतानाही प्रश्न तोच विचारावा लागला, जो लीपर यांनी अल मर्गच्या काठावर विचारला होता. इथल्या पाण्यात कोणती गोगलगाय आहे?

आणि नारूचे काय झाले? पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी सुरक्षित करणे, हातपंप बसवणे एवढ्या साध्या उपायांनी ती कडी तुटली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. त्यासाठी ना लस लागली, ना औषध.

लीपर यांचे पुढे काय झाले?

युद्धानंतर लीपर लंडन विद्यापीठात कृमिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि त्याच वर्षी त्यांनी कृमिशास्त्राला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. माणसांसोबत जनावरांच्या आणि पिकांच्या कृमींकडेही त्यांनी लक्ष वळवले आणि सेंट अल्बन्सजवळच्या विंचेस फार्मवर संशोधन केंद्र उभे केले. १९६९ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

बिलहार्झिया इतिहासजमा झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये किमान २५ कोटी १४ लाख लोकांना या आजारावरच्या प्रतिबंधक औषधोपचाराची गरज होती. त्यातले बहुसंख्य आफ्रिकेत आहेत. भारतीय जवान संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदान आणि काँगोमध्ये तैनात असतात, तिथेही हा आजार आहे. नोकरीसाठी किंवा सफारीसाठी आफ्रिकेत जाणाऱ्या मराठी माणसांची संख्याही कमी नाही.

त्यांच्यासाठी सूचना आजही जवळपास १९१५ च्याच आहेत. अशा देशांत तळी, नद्या, कालवे यांच्या गोड्या पाण्यात पोहू नका, अनवाणी उतरू नका. समुद्रात आणि क्लोरिन टाकलेल्या तरणतलावात हा धोका नाही. अंघोळीला तळ्याचे पाणी वापरावेच लागले तर ते उकळा किंवा किमान १ ते २ दिवस टाकीत साठवा. पाण्यात उतरला असाल आणि काही आठवड्यांनी ताप, खाज, पोटदुखी किंवा शौच-लघवीतून रक्त असा त्रास झाला, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती आवर्जून द्या. ती दिली नाही तर भारतातला डॉक्टर या आजाराचा विचार करेलच असे नाही.

आणि अल मर्गची ती मुले? त्यांच्या देशाला या आजारातून बाहेर यायला पुढची कित्येक दशके लागली. मोठ्या प्रमाणावर औषधवाटप झाल्यावर इजिप्तमध्ये रुग्णांचे प्रमाण उतरले. सैनिकाला वाचवायला एक अहवाल आणि एक हुकूम पुरला होता. कालव्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वाचवायला त्याहून खूप जास्त काळ लागला.